२३ अंशांची रेघ आणि लालबागचा मे महिना

‘क्लास बीचा माल आहे, त्याला काही होत नाही.’

बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये स्टेशनकडच्या गोदामांपासून शाहपूरच्या केळीबागांपर्यंत हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. रंगाच्या दुकानामागे एमटीओचे, म्हणजे रंगवाल्यांच्या टर्पेंटाइनचे, ड्रम ओळीने उभे असतात, पॉवरलूमच्या शेडमध्ये रॉकेलचा किंवा डाग काढायच्या लिक्विडचा डबा असतो, शेतात जनरेटरसाठी डिझेल भरून ठेवलेले असते. कोणी काळजीने विचारले की हे वाक्य येते, आणि त्यामागे एक बरा बांधलेला युक्तिवाद असतो. तो असा : कायद्यानेच या मालाला कमी धोक्याचा ठरवले आहे. २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. पुरवठादाराच्या कागदावर फ्लॅश पॉइंट ३८ अंश छापलेला आहे. जळती काडी टाकली तर विझते. मग पुन्हा तपासणी कशाला, पाट्या कशाला? हा सगळा लायसन्सराजचा उरलेला खेळ आहे, आणि त्यात मरतो तो छोटा धंदेवाला.

असे म्हणणारी माणसे बेफिकीर नसतात. त्यांनी कायदा वाचलेला असतो, बरेचदा आपल्यापेक्षा नीट. तरीही हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि पुण्यात जेवढा चुकीचा ठरेल त्याहून जास्त तो लालबागमध्ये चुकीचा ठरतो.

आधी मूळ गोष्ट. द्रव जळत नाही, त्याच्यावर साचलेली वाफ जळते. ज्या सर्वांत कमी तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर, ज्योत दाखवताच क्षणभर भडका उडेल एवढी वाफ जमते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो शून्याखाली चाळीसच्याही पलीकडे जातो. ॲसिटोनचा उणे २०च्या आसपास, टोल्युइनचा ४, शुद्ध स्पिरिटचा १३. रॉकेलला आपल्या मानकाप्रमाणे किमान ३५ अंश लागतो. एमटीओ तिशी-चाळिशीत बसते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात याच आकड्यावरून अक्षरे पडली आहेत : २३ अंशांखाली क्लास ए, २३ ते ६५ च्या आत क्लास बी, ६५ ते ९३ च्या आत क्लास सी. (जाता जाता : ॲसिटोन आणि स्पिरिट हायड्रोकार्बन नसल्यामुळे ही अक्षरे त्यांना लागत नाहीत. ‘आमच्या मालाला क्लासच नाही’ असे अभिमानाने सांगणारे लोक असतात. त्यांच्या डब्यात रॉकेलपेक्षा कितीतरी लवकर पेटणारा माल असतो.)

आता ही २३ ची रेघ कुठून आली ते पाहू. ती निसर्गाने आखलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिव्याचे तेल घरोघर शिरले आणि भडक्यांनी माणसे मरू लागली, तेव्हा इंग्लंडमध्ये १८६२ साली १०० अंश फॅरनहाइटची मर्यादा आली. तपासणी उघड्या भांड्यात होई. उघड्या भांड्यावरची वाफ वाऱ्याच्या झुळकीने उडून जाते, तापवण्याच्या घाईवर आकडा बदलतो. त्यामुळे एकाच तेलाला दोन तपासनीस दोन निकाल देत आणि व्यापारी आपल्या सोयीचा उचलत. हा गोंधळ मिटवायला सर फ्रेडरिक एबल यांनी झाकणबंद भांडे तयार केले आणि १८७९ च्या कायद्याने ते स्वीकारले. बंद भांड्यात वाफ साचून राहते, म्हणून तेच तेल कमी तापमानाला भडकते. उघड्या भांड्यातल्या शंभराच्या जागी बंद भांड्यात ७३ अंश फॅरनहाइट धरले गेले. ७३ फॅरनहाइट म्हणजे २२.८ सेल्सिअस. तोच आकडा पुढे गोल होऊन जगभरच्या वर्गीकरणात २३ म्हणून बसला.

तेलवाल्यांशी झालेल्या घासाघिशीतून आलेली ही तडजोड आहे, आणि ती ज्या देशात झाली तिथे २३ अंश म्हणजे चांगला उकाडा. तिथल्या गोदामात २३ च्या वरचा माल वर्षातले बहुतेक दिवस आपल्या फ्लॅश पॉइंटच्या खालीच राहतो. म्हणून तिथे ‘बी’ या अक्षराला खरेच काही अर्थ आहे.

लालबागमध्ये मे महिन्यात सावलीतला पारा ४३-४४ वर जातो, काही दिवस त्याच्याही वर. भुसावळ-जळगावची तीच गत. हा सावलीतला, हवामान खात्याच्या लाकडी पेटीतला आकडा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीन वाजता काय असते ते तिथे काम करणाऱ्याला विचारावे, आणि उन्हात उभ्या काळ्या ड्रमच्या पत्र्यावर दोन सेकंद हात ठेवून पाहावा. ३८ अंश फ्लॅश पॉइंटचा माल या हवेत कोणी न तापवता, नुसता उभ्या-उभ्या आपला फ्लॅश पॉइंट ओलांडून बसलेला असतो. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, दुपारच्या वेळी, तो कागदावर क्लास बी आणि वागणुकीने क्लास ए असतो.

यावर ठरलेले उत्तर येते : मग मुंबईहून निघालेल्या ड्रमने भुसावळ ओलांडले की त्याचा वर्ग बदलायचा का? नाही. वर्ग देशभर एकच हवा, नाहीतर वाहतूक चालणार नाही. रेघ २३ वरून ४५ वर न्या असे माझे म्हणणे नाही. पण वर्ग ही मालाची ओळख आहे, जागेची हमी नव्हे. फ्लॅश पॉइंट हा जोडीतला एक आकडा आहे. दुसरा आकडा जागेच्या तापमानाचा, आणि तो कोणत्याही पुरवठादाराच्या कागदावर छापलेला नसतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय धोका कळत नाही. हे माझ्या डोक्यातून आलेले नाही. २००२ च्या पेट्रोलियम नियमांत धोकादायक क्षेत्राची व्याख्या वाचा. ६५ अंशांखालचा माल जिथे असेल ते क्षेत्र धोकादायक आहेच, पण ६५ च्या वरचा मालसुद्धा त्याच्या फ्लॅश पॉइंटइतका किंवा त्याहून जास्त तापवून हाताळला, साठवला जात असेल तर तेही क्षेत्र धोकादायक. नियम करणाऱ्यांना तापमानाची जोड ठाऊक होती. अक्षर पाठ करणाऱ्यांनी ती गाळली.

आणि ‘कमी धोक्याचा’ म्हणाल तर १९८९ च्या घातक रसायन नियमांतले वर्गीकरणही शेजारी ठेवावे. तिथे २३ च्या वर आणि ६० पर्यंत फ्लॅश पॉइंट असलेला द्रव हा ‘अति ज्वलनशील’ गटात येतो. एकच ड्रम एका कायद्यात मधला वर्ग आणि दुसऱ्यात अति ज्वलनशील. आपल्या सोयीचा कायदा वाचायचा की नाही, हा प्रश्न वेगळा.

रिकाम्या ड्रमाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण माणसे मरतात ती बहुधा भरलेल्या ड्रमाने नव्हे. रॉकेलसारख्या मालाची वाफ हवेत साधारण ०.७ ते ५ टक्के असेल तेव्हाच ती पेटते. त्याहून कमी असेल तर फार विरळ, जास्त असेल तर फार दाट. पेट्रोलच्या बंद ड्रमात तळाशी थोडे पेट्रोल उरले असेल तर आतली वाफ इतकी दाट असते की ती आतल्या आत सहसा पेटत नाही. पेटते ती बाहेर, तोंडाशी. याचा अर्थ पेट्रोल बरे असा नाही. पण आता एमटीओचा ‘रिकामा’ ड्रम घ्या. तळाला लोटाभर माल, बाकी हवा, तापमान ४४. फ्लॅश पॉइंटच्या नुकत्याच वर असलेल्या द्रवाची वाफ नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात येते, आणि तीही बाहेर नाही तर आत, बंद पत्र्यात. हिवाळ्यात हाच ड्रम विरळ वाफेमुळे निभावून जातो. उन्हाळ्यात तो कापायला घेतला, त्याची कोठी किंवा शेगडी करायची म्हणून वेल्डरने गॅस कटर लावला, की झाकण आणि माणूस दोन्ही उडतात. मग बातमीत ‘ड्रममध्ये ज्वलनशील पदार्थ शिल्लक होता’ एवढे एक वाक्य येते. शिल्लक किती होता, यापेक्षा त्या दुपारी पारा किती होता हे कोणी विचारत नाही.

याची सर्वांत महागडी साक्ष विमानाची आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर काही मिनिटांतच फुटले. २३० माणसे गेली. विमानाचे इंधन जेट ए म्हणजे एका परीने रॉकेलच, किमान फ्लॅश पॉइंट ३८. मधली टाकी जवळजवळ रिकामी होती. तिच्या खालीच वातानुकूलनाची यंत्रे होती, आणि विमान उन्हाळ्यात जमिनीवर थांबलेले असताना ती चालू राहिल्याने टाकी तापली. चौकशीत निघालेले कारण : टाकीतल्या इंधनवाफेचा स्फोट. ठिणगी कुठून आली ते शेवटपर्यंत खात्रीने सांगता आले नाही, बहुधा वायरिंगमधल्या शॉर्टसर्किटची. पण वाफ का तयार होती यात शंका उरली नाही. ३८ हा आकडा तिथेही कागदावर बरोबरच होता.

‘काडी टाकली तरी विझते’ या पुराव्याची मला कीव येते, कारण तो खरा आहे आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. डिसेंबरातल्या सकाळी, बशीतल्या थंड रॉकेलात काडी विझणारच. तेच रॉकेल कंदिलाच्या वातीवर त्याच सकाळी जळत असते. वात थोडासा द्रव वर ओढते, तेवढाच तापवते, तेवढ्याचीच वाफ करते. सगळ्या टाकीचे तापमान वाढण्याची तिला गरज नसते. बुऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीपासून बंद पडली असली तरी पॉवरलूम चालतात, आणि पॉवरलूमच्या शेडमध्ये मागांखाली, पट्ट्यांवर, तुळयांवर रुईच्या तंतूंचा थर असतो. तेलाचे हात पुसलेल्या चिंध्या असतात, कोपऱ्यात कॉटन वेस्टचा ढीग असतो. या ढिगावर सांडलेले अर्धा लिटर रॉकेल म्हणजे हजार वाती. तिथे फ्लॅश पॉइंट ३८ असो की ५८, एक विडी पुरते. फवाऱ्याचेही तेच : पाइपच्या भोकातून बारीक तुषार उडाले की द्रव आपल्या फ्लॅश पॉइंटच्या खूप खालीही पेटतो. म्हणजे हा आकडा शांत, उघड्या, स्वच्छ पृष्ठभागाबद्दल बोलतो. कापडाच्या गावात असा पृष्ठभाग शोधावा लागेल.

इथे कोणी म्हणेल, मग तपासणीचा उपयोगच काय? तुम्हीच आकडा अपुरा म्हणता. अपुरा आहे, निरुपयोगी नाही. उलट ‘कागदावर ३८ छापलेले आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर तपासणीच देऊ शकते, कारण कागद आणि ड्रम यांच्यात बरेच काही घडलेले असते. पहिली शंका, तो ३८ उघड्या भांड्यातला की बंद? उघड्या भांड्याचा आकडा सहसा काही अंशांनी जास्त येतो, आणि कागदावर भांड्याचे नाव नसेल तर तो आकडा वाचण्यात अर्थ नाही. दुसरी, भेसळ. शंभर लिटर डिझेलमध्ये एक-दोन लिटर पेट्रोल मिसळले तर रंग, वास, घनता यांत डोळ्याला काही कळत नाही, पण फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो, कारण वाफेत आधी हलका भागच पुढे येतो. याच रेल्वेमार्गावर, मनमाडजवळ, मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी इंधनचोर आणि भेसळवाल्यांनी जिवंत जाळले. भेसळ हा आपल्याकडे कल्पनेतला प्रश्न नाही. रिफायनरीच्या दारात बरोबर असलेला आकडा चार टँकर, तीन ड्रम आणि दोन दलाल ओलांडून लालबागला तसाच पोहोचतो असे मानणाऱ्याने एवढा भोळा भाव आपल्या उधारीच्या वहीतही दाखवावा.

तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. एबलच्या यंत्रात पितळी भांडे असते, त्यात ठरावीक खुणेपर्यंत माल भरतात आणि झाकण बसवतात. झाकणात थर्मामीटर आणि सरकते दार. भांडे गरम पाण्याच्या वेढ्यात हळूहळू तापते. झाकणावर एक पांढरा मणी बसवलेला असतो. तपासणीची ज्योत त्या मण्याएवढीच ठेवायची, मोठी नाही, लहान नाही. दर अर्ध्या अंशाला दार सरकते, ज्योत आत डोकावते आणि परत येते. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एकदम निळसर भडका भांडेभर पसरून विझतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा. (ज्योतीभोवती आधी नुसते निळे वलय दिसते, त्याला फसायचे नसते. डाग काढायच्या काही लिक्विडांत क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असते, तिथे हे वलय फार आधीपासून दिसू लागते.) साधे, शांत काम आहे. पण त्याची एक अट आहे : नमुना बंद बाटलीत, थंड करून आणायचा, आणि तपासणी अपेक्षित आकड्याच्या बऱ्याच खालून सुरू करायची. लालबागच्या मेमध्ये कोणी दुपारी ड्रमचे बूच काढले, बादलीत नमुना घेतला, रिक्षातून हिंदकळत नेला आणि ४२ अंशांवर भांड्यात ओतला, तर हलका भाग वाटेतच उडून गेलेला असतो. उरलेल्या मालाचा आकडा जास्त येतो. म्हणजे जो माल सर्वांत जास्त धोक्याचा, तोच चुकीच्या तपासणीत सर्वांत सुरक्षित दिसतो, आणि उन्हाळा जितका कडक तितकी ही चूक मोठी. ‘आम्ही तपासून घेतले’ म्हणणाऱ्याला म्हणून दोनच प्रश्न विचारावेत : भांडे बंद होते का, आणि नमुना थंड होता का.

डिझेलबद्दल एक वेगळी तक्रार आहे, आणि ती दुकानदाराशी नाही. आपल्या मानकात डिझेलचा किमान फ्लॅश पॉइंट ३५ अंश आहे. युरोपच्या मानकात तो ५५ च्या वर लागतो. समुद्रावरच्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमाने ६० च्या खालचे इंधन सहसा चालत नाही. आकडा खाली ठेवला की रिफायनरीला डिझेलमध्ये जास्त हलका भाग घेता येतो. पंपावरचे डिझेल प्रत्यक्षात बहुतेक वेळा ३५ च्या बरेच वर असते हे मान्य. पण हमी ३५ चीच आहे, आणि थंड युरोपात ५५ ची. केळीच्या बागेत, पत्र्याच्या खोलीत, जनरेटरच्या धुराड्याशेजारी ड्रम ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कोणी सांगितलेला नाही. त्याला एवढेच सांगितले आहे की डिझेल पेट्रोलसारखे नाही.

दुसऱ्या टोकालाही एक समजूत आहे, ती इथेच खोडून टाकतो : ३८ अंश झाले की माल आपोआप पेटतो. नाही. ठिणगी लागतेच. आपोआप पेटण्याचे तापमान वेगळे, रॉकेल-डिझेलचे ते दोनशेच्या वर असते. अशा अतिशयोक्तीने फायदा होत नाही. ४४ अंशांत आपोआप काही पेटत नाही हे गोदामवाला रोज पाहतो, आणि मग खऱ्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

राहता राहिला लायसन्सराज. या तक्रारीतला अर्धा भाग मला पटतो. कागदपत्रांचा जाच खरा आहे, आणि २,५०० लिटरची सूट (एकेक भांडे १,००० लिटरच्या आत असेल तर) छोट्या माणसासाठी योग्यच आहे. ती काढून घ्या असे मी म्हणत नाही. पण परवान्यातून सूट म्हणजे भौतिकशास्त्रातून सूट, असा जो अर्थ लावला जातो तो कायद्यात कुठेही नाही. मी जे मागतो त्याला परवाना लागत नाही. ड्रमवर क्लासच्या शेजारी बंद भांड्यातला फ्लॅश पॉइंट लिहा. शेडमध्ये एक साधा थर्मामीटर टांगा. मेमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या वर गेला की त्या मालाशी पेट्रोलसारखे वागा : सावली, जमिनीलगत वारा खेळेल अशी जाळी (वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही), ओतताना अर्थिंग, आणि रिकाम्या ड्रमाला कटर नाही. नव्या पुरवठादाराचा माल आला तर एक नमुना तपासून घ्या. हे यंत्र दुर्मिळ नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असलेच यंत्र हाताळतात, तोंडी परीक्षेत व्याख्या म्हणून दाखवतात आणि विसरून जातात. खर्च मालाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

पेट्रोलियम कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपूरला आहे. १९५६ पर्यंत बुऱ्हाणपूरचा कारभारही नागपुरातूनच चाले, त्यामुळे हे ऑफिस आपल्याला परके वाटायचे कारण नाही. ज्या १९३४ च्या कायद्याचा हवाला देऊन ‘काही होत नाही’ म्हटले जाते, त्यातले दुसरे प्रकरण सगळे तपासणीबद्दल आहे. त्यात प्रमाण यंत्र सरकारी अधिकाऱ्याकडे ठेवायचे आणि फी भरून कोणाही माणसाला ते पाहू द्यायचे, अशी तरतूद आहे. तपासणीचा निकाल ज्याला मान्य नाही त्याला फेरतपासणी मागण्याचा हक्कही आहे. क्लास बीवाल्यांनी हा हक्क जरूर वापरावा. त्यासाठी आधी एक तपासणी झालेली असावी लागते.